निशाणी : आढळली नाही

मौजा पिंपळखुटा, गट नंबर एकशे चौदा.
अर्जदार उकंडराव मोहोड. लगतच्या कब्जेदार
अंजनाबाई बुरघाटे, मयत पांडुरंग यांची पत्नी.
नोटीस दोघांना पोचली होती, दोघं हजर होते,
आणि मे महिन्यातल्या सकाळी अकरा वाजता
तिसरं कोणी हजर असेल तर ते सुदर्शन :
धुऱ्यावर, पाण्याचा थेंब नसताना,
पट्ट्यासारखी पानं दोन्ही शेतांत सांडून,
मधून एक जाड दांडा, त्यावर पांढरी फुलं,
पाकळ्या अशा मागे वळलेल्या
की कुणीतरी नुकतीच हाक मारली असावी.

दगड सापडला नाही.
काळ्या मातीत दगड टिकत नाही.
उन्हाळ्यात भेग त्याला गिळते
आणि पावसाळ्यात माती फुगून तोंड मिटून घेते.
"ह्या झाडापासून धरा सायेब," उकंडराव म्हणाले,
"मानूस सरकते. झाड कायले सरकन?
माह्या बापानं अन् पांडुरंगाच्या बापानं
संगच लावलं हे. एकच कांदा होता."

मी साखळी खाली ठेवली.
कोतवालानं कुदळ मारली, पुढची माती मी हातानं काढली.
एक नव्हता तो.
तान्ह्या पोराच्या डोक्याएवढा एक, त्याला टेकून दुसरा,
त्याच्या कुशीत तिसरा, मग पिल्लं, पिल्लांची पिल्लं,
लांब माना काढून उजेडाकडे निघालेली
आणि झाडून सगळी पूर्वेला.
पश्चिमेकडून उकंडरावांचा नांगर यायचा
दरसाल, मुळांना घासून;
कापलेल्या कांद्यांचे पापुद्रे तिथे अजून होते,
विडीच्या कागदासारखे.
पूर्वेला अंजनाबाई.
पिल्लू दिसलं की तिचा डवरा वळसा घ्यायचा.
तर असं चाललं होतं झाड,
वर्षाला दोन-चार बोटं, कुणाला न विचारता,
आणि धुरा त्याच्या मागोमाग,
दावं न लावलेल्या बैलासारखा.

नकाशावरची रेघ निघाली
उकंडरावांच्या पऱ्हाटीच्या धसकटांतून,
झाडापासून साडेचार हात आत.
मी खुंटी ठोकली. पंच तंबाखू मळत राहिले.
कांद्याच्या चिकानं माझे हात खाजत होते.

"मले ठाव होतं," अंजनाबाई म्हणाली.
तिला कुणी विचारलं नव्हतं.
तिनं वाकून एक पान मोडलं
आणि उन्हात धरलं, चुलीवर धरतात तसं.
"कान फुटला होता याचा. सात वर्साचा होता हा.
याच्या मायनं अन् म्या रातभर पानं शेकली,
थेंब थेंब पिळला.
झाड घराकडं येऊ रायलं त येऊ दिलं.
अंधारात सापडाले बरं."

उकंडरावांनी मान वळवली,
चांगला कान तिच्याकडे केला :
"काय म्हनते थे?"

कुणीच सांगितलं नाही.
लांब कुठेतरी टिटवी ओरडत होती,
ती बहुधा मलाच जास्त ऐकू आली.

पंचनाम्यात मी लिहिलं :
हद्दीची निशाणी आढळली नाही.
अतिक्रमण, दोन मीटर पाच सेंटिमीटर.
अतिक्रमण करणाराचे नाव :
इथे पेन थांबलं. रकाना लहान होता,
खाडाखोडीवर सही करावी लागते,
म्हणून मोहोड लिहिलं आणि शेवटची एसटी गाठली.

डब्याच्या पिशवीत एक पिल्लू होतं.
मागून घेतलं नव्हतं. कुणाकडे मागायचं,
याचाच तर निकाल लागायचा होता.

दिग्रसच्या क्वार्टरमागे लावलं ते.
बदली झाली की थोरला कांदा तिथेच ठेवायचा
आणि एक पिल्लू उचलायचं :
पुसद, उमरखेड, पुन्हा दारव्हा.
चार तालुक्यांत ते उभं आहे,
कुठल्याही सातबाऱ्यावर नाही.

आता यवतमाळला, गॅलरीत, बादलीत.
फुलतं उन्हाळ्यात, रात्री वास येतो,
शेजारचे दार लोटून घेतात, किंवा उघडतात,
आवाजावरून कळत नाही.
बादलीला तडा गेला आहे.
कुठल्या बाजूनं, ते मी मोजलेलं नाही.